क्वांटम सर्किटचा रँडमपणा: खरा नसला तरी चालतो का?

मालवी_मनू (धागाकर्ता)

मंडळी, यंदा गणेशोत्सवातल्या एका व्याख्यानात वक्त्यांनी दोन वाक्यं पाठोपाठ टाकली. क्वांटम संगणक आला की सगळी गुपितं उघडी पडणार, हे पहिलं. आणि आपल्याला वाचवणारही क्वांटमच, कारण तिथे "खरा रँडमपणा" मिळतो, हे दुसरं. दोन्हींना टाळ्या. पहिल्यात अर्धं सत्य आहे, दुसऱ्यात फार तर पाव. ज्या गोष्टीवर २०१८ पासून खरं मजेदार काम चाललंय तिचं नावही निघालं नाही: खोटा रँडमपणा, म्हणजे स्यूडोरँडमनेस, आणि तोही क्वांटम सर्किटमधला. इंदुरात या विषयातली चार डोकी नक्की आहेत, म्हणून इथे मांडतोय.

आधी जुनी गोष्ट. बँकेचं ॲप सर्व्हरशी बोलतं तेव्हा दोघांत एक छोटी गुप्त की ठरते, समजा २५६ बिटांची. तिच्यातून रँडम दिसणाऱ्या बिटांचा हवा तेवढा लांब प्रवाह काढायचा आणि त्यात मजकूर मिसळायचा. हा प्रवाह खरा रँडम असूच शकत नाही. २५६ बिटांतून फार तर २ च्या २५६ व्या घाताइतके प्रवाह निघतील, आणि दहा लाख बिटांच्या सगळ्या शक्य प्रवाहांपुढे ती संख्या चिमूटभरही नाही. तरी काम भागतं, कारण फरक ओळखायला लागणारा हिशेब कोणाच्याच आवाक्यात नाही. म्हणजे प्रवाह रँडम आहे की नाही हे बघणाऱ्याच्या कुवतीवर ठरलं. क्रिप्टोग्राफीतली सगळ्यात धाडसी कल्पना मला हीच वाटते.

असा प्रवाह कशाच्या जोरावर बनतो? हास्टाड, इम्पाग्लियाझो, लेविन आणि लुबी यांच्या १९९९ च्या निबंधाने हिशेब पक्का केला: वन-वे फंक्शन असेल तर, आणि तरच, असा जनरेटर असतो. वन-वे म्हणजे सुलट जाणं सोपं, उलट येणं अशक्यप्राय. आणि उद्या पी बरोबर एनपी निघालं, म्हणजे ज्याचं उत्तर झटपट तपासता येतं ते सगळं (एनपी) झटपट सोडवताही येतं (पी) असं ठरलं, तर एकही वन-वे फंक्शन शिल्लक राहत नाही. आपलं सगळं डिजिटल गुपित या एका पायावर उभं आहे.

आता क्वांटम. क्यूबिट म्हणजे क्वांटम बिट, त्यांच्यावरची एकेक छोटी क्रिया म्हणजे गेट, आणि गेटची माळ म्हणजे सर्किट. ५३ क्यूबिटची एक अवस्था लिहायची तर २ चा ५३ वा घात, म्हणजे सुमारे ९,००० लाख कोटी आकडे लागतात. सगळ्या शक्य अवस्थांतून समान संधीने एक उचलली तर तिला हार-रँडम म्हणतात, हंगेरियन गणिती आल्फ्रेड हार यांच्या नावावरून. ती बनवायला क्यूबिटांच्या संख्येच्या मानाने घातांकी गेट लागतात, म्हणजे कोणीच बनवणार नाही. २०१८ मध्ये जी, लिउ आणि साँग यांनी विचारलं: छोट्या कीपासून झटपट बनणारी, पण हार-रँडमपासून कोणत्याही व्यवहार्य क्वांटम संगणकाला वेगळी न ओळखता येणारी अवस्था असेल का? उत्तर होतं हो, वन-वे फंक्शन धरून चाललो तर.

कृती इतकी सोपी की राग यावा. सगळ्या क्यूबिटांवर हादामार्ड गेट मारा, सगळ्या बिटमाळा सारख्या वजनाने एकत्र येतात. मग कीवर चालणारं एक स्यूडोरँडम फंक्शन प्रत्येक माळेला अधिक किंवा उणे चिन्ह देतं. संपलं. नुसत्या अधिक-उणे चिन्हांनी भागतं, हे ब्रकर्स्की आणि श्मुएली यांनी २०१९ मध्ये सिद्ध केलं. सरळ मोजाल तर साधे रँडम बिट हाती येतील, बाकी काही नाही.

प्रश्न असा की याचा क्रिप्टोग्राफीला उपयोग काय. माझ्याकडे उत्तर आहे, पण आधी तुम्ही बोला.

पोहे_जिरावन

भिया, पहिल्या परिच्छेदापर्यंत सोबत होतो. हादामार्डनंतर जिरावन संपलं. तरी जागा पकडून बसलोय.

जुनी_इंदूर

मनू, लेख चांगला आहे. बँकेत आयुष्य काढलंय, म्हणून सरळ विचारते. माझं यूपीआय, माझी मुदत ठेव, यांचं यात काय? आणि दुसरं, आमच्या ओळखीच्या एका पतपेढीला कोणी तरी "क्वांटम रँडम" लिहिलेली डबी विकायला आलं होतं. म्हणे ही लावली की हॅकर हात टेकतील. घ्यावी का त्यांनी?

मालवी_मनू

काकू, तुमच्या ठेवीला या धाग्यातल्या अवस्थांशी आज काही देणंघेणं नाही. तिथे धोका वेगळा आहे. शोर यांच्या १९९४ च्या अल्गोरिदमने आरएसए आणि इलिप्टिक कर्व्ह या की ठरवायच्या जुन्या पद्धती दोन्ही मोडतात, फक्त तेवढं मोठं आणि बिनचूक यंत्र हवं. त्यावरचा उपाय साध्या संगणकावरच चालतो. अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये तीन मानकं जाहीर केली, त्यातलं की ठरवण्याचं मानक म्हणजे एमएल-केम. क्रोम ब्राउझर २०२४ पासून जुनी आणि नवी पद्धत जोडून वापरतोय, तुम्हाला कळलंही नसेल. किंमत एवढीच की आधी ३२ बाइटची सार्वजनिक की पुरायची, आता एमएल-केम-७६८ ची १,१८४ बाइटची जाते. एईएस-२५६, म्हणजे मजकूर गुप्त करायची नेहमीची पद्धत, तिच्यावर की शोधणारा ग्रोव्हरचा क्वांटम अल्गोरिदम चालवला तरी ताकद १२८ बिटांच्या आसपास उरते, म्हणजे पुष्कळ.

डबीचं म्हणाल तर ती फोटॉन वगैरे मोजून रँडम बिट देते, बहुधा चांगलेच देते. पण चोर सहसा तिथून येत नाहीत.

कॅटवाले_दादा

शेवटच्या वाक्याला दुजोरा. २००६ मध्ये डेबियन या लिनक्समधल्या ओपनएसएसएल नावाच्या क्रिप्टोग्राफीच्या सॉफ्टवेअरमधून कोणी तरी एक-दोन ओळी काढल्या आणि रँडमपणाचा स्रोत जवळजवळ प्रोसेस क्रमांकापुरता, म्हणजे चालू प्रोग्रामला मिळालेल्या नंबरापुरता, उरला. की निघायच्या त्या एका प्रकारात फक्त ३२,७६७ पैकी एक. २००८ पर्यंत कोणाच्या लक्षात आलं नाही. ड्युअल-ईसी नावाचा जनरेटर तर खुद्द निस्टच्या मानकात होता. त्यात मागचं दार असल्याचा संशय २००७ पासून होता आणि स्नोडेनने अमेरिकी हेरगिरीची कागदपत्रं फोडल्यानंतर, २०१४ मध्ये तो काढून टाकला. दोन्हीकडे क्वांटमचा संबंध शून्य. पतपेढीने आधी सर्व्हरचं सॉफ्टवेअर अद्ययावत करावं, डबीचं मग पाहू.

आता धाग्याला माझा मूळ आक्षेप. लोक तीन वेगळ्या गोष्टी एका पातेल्यात ढवळतात. मोजमापातून निघणारे रँडम आकडे, म्हणजे काकूंची डबी. दुसरे, प्रयोगशाळेतले रँडम सर्किट. आणि तिसऱ्या मनूच्या की असलेल्या स्यूडोरँडम अवस्था.

मधल्याबद्दल बोलतो, कारण बातम्या त्याच्याच येतात. गूगलने २०१९ मध्ये सिकमोर या क्वांटम चिपवर ५३ क्यूबिट आणि २० फेऱ्यांचं सर्किट चालवलं. सर्किटमधली गेट आधीच साध्या संगणकाने रँडम निवडलेली आणि जाहीर. दहा लाख नमुने २०० सेकंदांत निघाले. गूगल म्हणाले महासंगणकाला १०,००० वर्षं लागतील, आयबीएम म्हणाले अडीच दिवस. त्यात की कुठाय? लपवलंय काय? काहीच नाही. वर सर्किट गोंगाटातून तगण्याचं प्रमाण सुमारे ०.२ टक्के, बाकी सगळा कचरा. त्याला क्रिप्टोग्राफी म्हणणं म्हणजे आपल्याच तोंडाने मिया मिठ्ठू.

सिमरोल_एक्सप्रेस

नमस्कार, वाचनमात्र होतो, पण आता राहवत नाही. माझा अभ्यासाचा विषय यालाच लागून आहे.

दादांचं वर्गीकरण मान्य, पण या तीन गोष्टींच्या मधल्या भिंती त्यांनी म्हटल्याइतक्या जाड नाहीत. संगणकशास्त्रज्ञ स्कॉट आरनसन यांची एक कल्पना आहे: सिकमोरसारख्या प्रयोगातूनच प्रमाणित रँडमपणा काढायचा. तुम्ही दूरच्या यंत्राला ताजं सर्किट पाठवता आणि उत्तर लगेच मागता. उत्तर त्या सर्किटकडून अपेक्षित असलेल्या शक्यतांच्या वाटणीशी जुळलं, आणि इतक्या कमी वेळात त्याची नक्कल करणं साध्या संगणकाला शक्य नसलं, तर त्यात खरा रँडमपणा असलाच पाहिजे. यंत्राच्या मालकावर भरवसा ठेवायची गरज नाही. २०२५ मध्ये नेचरमध्ये आलेल्या प्रयोगात क्वांटिन्यूअम कंपनीच्या ५६ क्यूबिटच्या यंत्रातून असे ७१,३१३ बिट प्रमाणित केले, तेही इंटरनेटवरून. पडताळणीला मात्र महासंगणक लावावे लागले. डबीत आणि यात फरक आहे तो या पुराव्याचा.

आता मनूदादांनी राखून ठेवलेलं उत्तर मीच देतो, क्षमस्व.

साधी बिटमाळ कितीही वेळा कॉपी करता येते. अनोळखी क्वांटम अवस्था करता येत नाही, १९८२ पासून हे माहीत आहे. म्हणून स्यूडोरँडम अवस्थेच्या व्याख्येत शत्रूला एक नाही, हव्या तेवढ्या प्रती देतात, अर्थात व्यवहार्य, म्हणजे बहुपदी, संख्येत. तरीही त्याला फरक कळता कामा नये. आणि इथेच खालचा मजला उघडतो. शत्रूकडे एनपीचे सगळे प्रश्न चुटकीसरशी सोडवणारं यंत्र आहे असं धरा. साध्या प्रवाहाच्या बाबतीत तो विचारतो, "ही माळ देणारी की आहे का?" आणि खेळ संपतो. पण हातात अवस्था असेल तर यंत्राला खाऊ काय घालणार? त्याला बिट लागतात. अवस्था मोजून काढलेले बिट दिले, तरी "ही की त्या मोजमापांशी जुळते का" हे तपासणंच एनपीच्या पलीकडे जातं.

क्रेट्शमर यांनी २०२१ मध्ये याला गणिती रूप दिलं. त्यांनी एक ओरॅकल, म्हणजे सगळ्यांना विचारता येईल अशी कल्पित पेटी रचली. त्या पेटीच्या जगात बीक्यूपी (क्वांटम संगणकाला सोडवता येणारे प्रश्न) आणि क्यूएमए (ज्यांचं उत्तर त्याला तपासता येतं ते प्रश्न) एकच असतात, म्हणजे क्वांटम संगणकाला एनपीच काय, त्याचा क्वांटम थोरला भाऊही सोपा. तरी त्या जगात स्यूडोरँडम युनिटरी, म्हणजे नुसती अवस्था नाही तर अवस्था बदलणारी पूर्ण क्रियाच रँडम भासणं, टिकून राहतात. २०२३ मध्ये क्रेट्शमर, चियान, सिन्हा आणि ताल यांनी पी बरोबर एनपी असलेलं जग दाखवलं, जिथे निदान एका प्रतीपुरती सुरक्षित स्यूडोरँडम अवस्था आहे. वन-वे फंक्शनच्या खाली असलेल्या या प्रदेशाला आमच्या क्षेत्रात मायक्रोक्रिप्ट म्हणतात.

जुनी_इंदूर

तळमजला सापडला हे ठीक. तिथे दुकान कोणी मांडलंय का?

सिमरोल_एक्सप्रेस

मांडलंय काकू. २०२२ मध्ये दोन गटांनी, मोरिमाए-यामाकावा यांनी आणि अनंत-चियान-युएन यांनी, स्वतंत्रपणे दाखवलं की स्यूडोरँडम अवस्थांवरून क्वांटम कमिटमेंट बनते. मी निर्णय आज बंद करून तुमच्याकडे देतो, उद्या उघडतो. मधे मला बदलता येत नाही, तुम्हाला डोकावता येत नाही. कमिटमेंट असली की क्वांटम जगात परस्परांवर अविश्वास असलेल्या मंडळींना एकत्र हिशेबही करता येतो. एकदाच वापरायची सहीही निघते.

गंमत अशी की १९९७ मध्ये मेयर्स यांनी, आणि वेगळेपणाने लो आणि चाऊ यांनी, सिद्ध केलं होतं की निव्वळ भौतिकशास्त्राच्या नियमांवर कमिटमेंट अशक्य आहे. शत्रूच्या हिशेबाच्या कुवतीबद्दल काही तरी गृहीत धरावंच लागतं. म्हणजे "क्वांटम आहे, म्हणून आपोआप सुरक्षित" हे २५ वर्षांपूर्वीच निकालात निघालंय. प्रश्न उरला तो किती कमी गृहीत धरून भागेल एवढाच.

कॅटवाले_दादा

ओरॅकलच्या जगात मी राहत नाही, मी सुखनिवास रस्त्यावर राहतो. कल्पित पेटीत एखादी गोष्ट टिकली म्हणजे आपल्या जगात टिकेल असं कुठाय? आणि मनूची कृती तर पुन्हा स्यूडोरँडम फंक्शनवरच उभी आहे. वन-वे फंक्शन मेलं की तीही मेली. तळमजला आहे म्हणता, पण जिना वरूनच येतो.

मालवी_मनू

दादा, हा आतापर्यंतचा सगळ्यात नेमका प्रश्न. जिना खालून बांधायचा तर वन-वे फंक्शन न वापरता बनलेली ठोस अवस्था पाहिजे. आणि तिथे तुमचे प्रयोगशाळेतले रँडम सर्किटच उमेदवार म्हणून येतात. गेट जाहीर करण्याऐवजी गेटची निवड हीच की समजा. बाहेरच्याला फक्त अवस्थेच्या प्रती मिळतात, सर्किट मिळत नाही. त्यावरून सर्किट शोधणं अवघड आहे, असं थेट गृहीतक धरून फेफरमन, घोष, सिन्हा आणि युएन यांनी २०२५ मध्ये सह्या, कमिटमेंट, एन्क्रिप्शन बांधून दाखवलं. खुराना आणि तोमर यांनी दुसऱ्या बाजूने तेच केलं. रँडम सर्किटच्या नमुन्यांची नक्कल अवघड का, याची जी कारणं सिकमोरच्या वेळी दिली जायची, त्यांच्यावरून क्रिप्टोग्राफीकडे वाट काढली.

गृहीतक खरं आहे याची हमी नाही, पण आरएसएची तरी कुठे होती?

बडोद्याचा_बापू

बडोद्याहून सलाम. इंदूरकरांचा धागा म्हणून पोहे-जलेबीवर उतरेल असं वाटलं होतं, हा तर चांगलाच तापलाय. मला एक सांगा, रँडम सर्किट "पुरेसं रँडम" व्हायला किती खोल लागतं? गेटचे किती थर?

सिमरोल_एक्सप्रेस

बापू, इथेच माझा जीव अडकलाय, म्हणून जरा सविस्तर.

आधी दोन मापं वेगळी करू. एक आहे टी-डिझाइन. शत्रू अमर्याद ताकदीचा असला तरी चालेल, पण त्याला प्रती फक्त टी, म्हणजे आधी ठरलेल्या संख्येइतक्या, मिळणार. त्या टी प्रतींत हार-रँडमपासून फरक जवळपास शून्य. दुसरं स्यूडोरँडम: प्रती हव्या तितक्या, पण शत्रूची कुवत मर्यादित. दोन्ही एकमेकांत मिसळू नका. क्लिफर्ड सर्किट घ्या, म्हणजे हादामार्डसारख्या ठरावीक मोजक्या गेटांपासूनच बनलेलं. तीन प्रतींपर्यंत ते अगदी हार-रँडमसारखं वागतं, त्याचं ३-डिझाइन असणं सिद्ध आहे, चौथ्या प्रतीपासून फरक पडू लागतो. आणि क्यूबिटांच्या संख्येच्या काही पट प्रती मिळाल्या तर मोंटानारो यांच्या पद्धतीने क्लिफर्डने बनवलेली अवस्था पूर्ण शिकता येते. म्हणजे तीन प्रतींना बेमालूम, क्रिप्टोग्राफीला निरुपयोगी.

खोलीचं. ब्रँडाओ, हॅरो आणि होरोडेकी यांनी २०१६ मध्ये दाखवलं की शेजारी-शेजारी क्यूबिटांवर रँडम गेट मारत गेलं तर क्यूबिटांच्या संख्येच्या प्रमाणात खोली पुरते. अंतर्ज्ञानही तेच सांगतं: एका रांगेत १०० क्यूबिट असतील तर पहिल्याची बातमी शंभराव्यापर्यंत पोचायला निदान ९९ थर हवेत, आणि बातमीच न पोचलेली गोष्ट रँडम कशी? २०२४ मध्ये शुस्टर, हाफरकाम्प आणि ह्वांग यांनी हे अंतर्ज्ञान मोडलं. डिझाइनसाठी लॉगरिदमइतकी खोली बस, स्यूडोरँडम युनिटरीसाठी लॉगच्या काही घाताइतकी. क्यूबिट वाढवत नेले तरी थर नावालाच वाढतात.

पत्त्यांचं उदाहरण घ्या. ५२ पत्ते नीट पिसायला सात वेळा पिसणी लागते, हे बेयर आणि डायकोनिस यांनी १९९२ मध्ये दाखवलंय. आता कल्पना करा, अख्खा कॅट एकत्र पिसण्याऐवजी तुम्ही छोटे गठ्ठे वेगवेगळे पिसले, मग शेजारच्या दोन गठ्ठ्यांचे अर्धे-अर्धे भाग घेऊन एकदाच पुन्हा पिसले. पहिला पत्ता शेवटच्या गठ्ठ्यात कधीच जाणार नाही, आणि हे कोणीही पकडेल. क्वांटममध्ये हीच युक्ती चालते, कारण "पत्ता कुठवर गेला" हे बघायला जे मोजमाप करावं लागतं ते कोणतं, हेच शत्रूला माहीत नसतं. पत्त्यांचा उपयोग इथे संपतो.

एक पळवाट मात्र आहे. शत्रूला सर्किट उलटंही चालवता आलं तर तो एका टोकाला हलकासा धक्का देऊन, सर्किट सुलट आणि मग उलट चालवून, धक्का कुठवर पसरला ते पाहू शकतो. अशा उथळ सर्किटची फजिती तिथे होते. उलटही चालवू दिलं तरी टिकतील अशा युनिटरी अस्तित्वात आहेत का, हा प्रश्न २०१८ पासून लटकला होता. मेट्गर, पोरेम्बा, सिन्हा आणि युएन यांनी एक रचना मांडली: रँडम क्लिफर्ड, मग रँडम चिन्हं, मग सगळ्या माळांची अदलाबदल. फर्मी मा आणि ह्वांग यांनी २०२४ च्या अखेरीस सुरक्षिततेची पूर्ण सिद्धता दिली. सरळसाठी याच रचनेची, उलटसाठी शेवटी आणखी एक रँडम क्लिफर्ड जोडून, आणि दोन्हीकडे क्वांटम संगणकालाही न उलटणारं कोणतंही वन-वे फंक्शन धरून.

पोहे_जिरावन

"पत्त्यांचा उपयोग इथे संपतो" हे आमच्या गल्लीतल्या गणपती मंडळाला ऐकवू नका, दंगा होईल.

तरी प्रामाणिक शंका. शत्रूला सर्किट उलटं चालवायला देतंच कोण?

कॅटवाले_दादा

निसर्ग देत नाही, एवढं खरं. कृष्णविवरावर काम करणाऱ्यांना म्हणूनच हे सगळं भावतं. हेडन आणि प्रेस्किल यांनी २००७ मध्ये कृष्णविवराला झपाट्याने घुसळणारं रँडम युनिटरी मानून हिशेब केला होता. पुढे २०२० मध्ये किम, टँग आणि प्रेस्किल यांनी म्हटलं की बाहेर येणारं प्रारण स्यूडोरँडम धरलं तर बाहेरच्या व्यवहार्य निरीक्षकाला आतलं काही कळणारच नाही. यात क्रिप्टोग्राफी नाही, पण गणित तेच. हे अवांतर झालं, धागाकर्त्याने माफ करावं.

बाकी उथळपणाचा मुद्दा मला पटला, आणि वेगळ्या कारणाने. गोंगाट प्रत्येक थरागणिक वाढतो. सिकमोरचे ०.२ टक्के हे २० फेऱ्यांनंतरचे. लॉगरिदमइतके थर पुरणार असतील तर हा विषय कागदावरून टेबलावर येण्याची निदान शक्यता दिसते.

जुनी_इंदूर

मला पैशाकडे यायचंय. अवस्था कॉपी होत नाही म्हणालात. मग नोटच अशी का काढू नये? बनावट नोटांनी आमची नोकरीभर झोप उडवली होती.

मालवी_मनू

काकू, क्वांटम पैशाची कल्पना तुमच्याच वाटेने आली. स्टीफन वीस्नर यांनी ती १९७० च्या सुमारास लिहिली, छापून आली १९८३ मध्ये. त्यांच्या योजनेत बँकेला प्रत्येक नोटेची गुप्त माहिती जपावी लागायची. जी-लिउ-साँग यांच्या निबंधात स्यूडोरँडम अवस्था हीच नोट आहे. बँकेकडे फक्त की. नोटेच्या काही प्रती हाती असल्या तरी त्यांच्यातून एक जास्त काढणं व्यवहारात अशक्य, हे त्यांनी सिद्ध केलंय.

जुनी_इंदूर

आणि खरी-खोटी तपासायची कोणी? की बँकेकडे, म्हणजे छप्पन दुकानच्या बाजारातल्या दुकानदाराने प्रत्येक नोट शाखेत आणायची?

मालवी_मनू

हो, नेमकी तीच मर्यादा. म्हणून त्याला प्रायव्हेट-की क्वांटम मनी म्हणतात. कोणालाही तपासता येईल अशी नोट हा वेगळा आणि बराच अवघड प्रश्न आहे, त्याला नुसत्या स्यूडोरँडम अवस्था पुरतात असं कोणी दाखवलेलं नाही. शिवाय नोट पाकिटात टिकायला क्वांटम मेमरी हवी.

जुनी_इंदूर

मग आमचा कॅशियर आणि तो निळा दिवा बरे.

बडोद्याचा_बापू

आणखी एक शंका. मायक्रोक्रिप्ट हा शेवटचा मजला की त्याखालीही काही? सगळंच कोसळू शकतं का?

सिमरोल_एक्सप्रेस

कोसळू शकतं. क्रेट्शमर यांच्याच निबंधात आहे: बीक्यूपी आणि पीपी एक निघाले तर अनेक प्रती देणाऱ्या स्यूडोरँडम अवस्था उरत नाहीत. पीपी हा प्रश्नांचा एनपीपेक्षा बराच मोठा वर्ग, त्यामुळे ती भीती दूरची. एकाच प्रतीवर चालणाऱ्या आणि कमिटमेंटपुरत्या गोष्टी त्याखालीही तगतील का, यावर लोम्बार्डी, मा आणि राइट यांचं २०२३ चं काम आहे. त्यांनी दाखवलं की शत्रूला कुठल्याही साध्या फंक्शनची पेटी दिली तरी एकदाच विचारून तो ही क्रिप्टोग्राफी फोडू शकत नाही. अनेकदा विचारलं तर काय, हे अजून खुलं आहे.

आणखी एक विचित्र परिणाम राहिलाच. २०२२ मध्ये आरनसन, बूलंड, फेफरमन आणि सहकाऱ्यांनी अशा अवस्था दाखवल्या ज्यांत गुंतणूक, म्हणजे एन्टँगलमेंट, अगदी थोडी असते, पण व्यवहार्य मोजमापाला त्या भरपूर गुंतलेल्या अवस्थांपासून वेगळ्या दिसत नाहीत. कॅटवाले दादांना विचारायचं होतं, प्रयोगशाळेत गुंतणूक मोजली असं आपण म्हणतो तेव्हा नक्की काय मोजतो?

कॅटवाले_दादा

चार-सहा क्यूबिट असतील तर सगळी अवस्थाच मोजून काढतो, तिथे लपवाछपवीला जागा नाही. ५० असतील तर काही गृहीत धरून, नेमके साक्षीदार, म्हणजे गुंतणूक असल्याचं दाखवणारी मोजकी मोजमापं, निवडून मोजतो. अवस्था कोणी मुद्दाम फसवायला बनवली नाही, हे त्यात न बोलता धरलेलं असतं. प्रयोगशाळेत ते रास्त आहे. शत्रूसमोर नाही.

पोहे_जिरावन

मला आता हातात काही तरी पाहिजे. ही अवस्था लॅपटॉपवर बनवता येते का? कोणी तरी बनवा, आम्ही फोडून दाखवतो. हरला तो सराफ्यात सगळ्यांना भुट्ट्याचा कीस खाऊ घालणार.

मालवी_मनू

मंजूर. सिम्युलेटरवर १० क्यूबिट, चिन्हं शेक-२५६ हॅशमधून, की १२ बिटांची. प्रती मी देतो, म्हणजे तुम्ही मोजमाप सांगायचं, मी उत्तर टाकायचं. रविवारी नवा धागा काढतो.

कॅटवाले_दादा

१२ बिट म्हणजे ४,०९६ की, पोहेवाल्याचा फोनही तेवढं करेल. आणि कीला हात न लावताही तुझी अवस्था फुटते. १० क्यूबिट म्हणजे १,०२४ चिन्हं, थोडी चिकाटी धरली तर मोजमापांतूनच सगळी वाचून काढेन. की ४० बिटांची कर आणि क्यूबिट ३० ने.

मालवी_मनू

३० क्यूबिटला अवस्था साठवायलाच १६ जीबी लागतात दादा. माझ्या लॅपटॉपमध्ये एकूण १६ आहेत.

सिमरोल_एक्सप्रेस

२६ वर थांबा, एक जीबीत बसेल. चिन्हं पावणेसात कोटींच्या घरात जातात, ती हाताने वाचून होणार नाहीत. की ४० बिटांचीच ठेवा. मी फोडणाऱ्यांच्या बाजूने खेळतो.